पिठाचा रंग कसा मोजायचा? नाशिकच्या गिरण्या, बेकऱ्या आणि बचत गटांकडून वारंवार येणारे प्रश्न

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांतली लॅबची मुलं, शहरातल्या बेकऱ्या, पेठ-सुरगाण्याकडचे नाचणीचं पीठ विकणारे बचत गट या सगळ्यांकडून पिठाच्या रंगाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पिठाचा रंग डोळ्यांना दिसतोच. मग तो मोजायचा कशाला?

समोरासमोर ठेवलेल्या दोन पिठांतला फरक डोळ्याला चांगला कळतो, पण कालचं पीठ आज आठवून सांगणं त्याला जमत नाही. सकाळच्या पाळीतला सुपरवायझर खिडकीपाशी उभा राहून पीठ बघतो आणि रात्रीचा ट्यूबलाइटखाली. दोघंही प्रामाणिक असतात, तरी निर्णय वेगळे येतात. आकडा लिहून ठेवता येतो, तीन महिन्यांनी काढून बघता येतो आणि तक्रार आली तर पुढे ठेवता येतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कोंडा किती मिसळला, गहू बदलला का, चाळणी फाटली का, गहू नीट भिजला होता का, या सगळ्याचा परिणाम आधी रंगावर दिसतो. राखेची चाचणी (पीठ जाळून मागे उरणारी खनिजं मोजणं) काही तास घेते, रंगाचं रीडिंग मिनिटभरात मिळतं. मात्र रंग फक्त कुठे बघायचं ते सांगतो. दोष कोणता, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

२. रंगमापक यंत्रावर येणारे एल, ए, बी हे आकडे काय सांगतात?

ही रंग मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९७६ पासून वापरात आहे. एल म्हणजे उजळपणा: ० म्हणजे काळं, १०० म्हणजे पूर्ण पांढरं. ए अधिक असेल तर लालसरपणा, उणे असेल तर हिरवटपणा. बी अधिक असेल तर पिवळेपणा, उणे असेल तर निळसरपणा.

गव्हाच्या पिठात एल घटला आणि ए वाढला, तर बहुतेक वेळा कोंडा जास्त आलेला असतो. एल तसाच राहून फक्त बी वाढला, तर आधी गव्हाच्या जातीकडे बघा (प्रश्न ११). या दोन ओळी लॅबच्या भिंतीवर लिहून ठेवल्या तरी रोजची निम्मी शंका मिटते.

३. मैद्याचा आणि कणकेचा बरोबर आकडा किती असायला हवा?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नसतो. अंदाज हवा म्हणून सांगायचं तर चांगल्या मैद्याचा एल साधारण ९० ते ९४, ए शून्याच्या आसपास आणि बी ८ ते १० च्या घरात दिसतो. चक्कीवरच्या गव्हाच्या पिठाचा एल ८२ ते ८७, ए १ ते ३ आणि बी १० ते १४. यंत्र बदललं, नमुना दाबण्याची पद्धत बदलली की हेच आकडे सरकतात. म्हणून दुसऱ्याचा आकडा मर्यादा म्हणून उचलू नका. स्वतःची मर्यादा कशी ठरवायची ते प्रश्न १६ मध्ये आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. गव्हाच्या पिठाला 'जितकं पांढरं तितकं चांगलं' हा नियम लावू नका. कणीक पांढरी दिसण्यासाठी कोंडा काढत गेलात, तर तंतू आणि चव दोन्ही त्याच्याबरोबर जातात. पोळीच्या पिठात एल वाढवत न्यायचा नसतो, रोज सारखा ठेवायचा असतो.

४. यंत्र घेणं परवडत नाही. घरगुती पातळीवर काही करता येईल का?

येईल, आणि ही पद्धत जुनी व भरवशाची आहे. तिला पेकर चाचणी म्हणतात. काचेची किंवा गुळगुळीत लाकडाची पट्टी घ्या. एका बाजूला तुमचं मंजूर केलेलं पीठ, त्याला चिकटून नवं पीठ ठेवा. रुंद पात्याने दोन्ही एकदम दाबून सपाट करा आणि कडा कापून सरळ करा. आधी कोरडं बघा. मग पट्टी तिरकी धरून पाण्यात हळूच बुडवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा, थोडं सुकू द्या आणि पुन्हा बघा. ओलं झाल्यावर कोंड्याचे कण गडद होतात आणि कोरड्यात न दिसलेला फरक उघड होतो.

दोन पथ्यं पाळा. रोज त्याच उजेडात बघा. उत्तरेकडच्या खिडकीचा, ऊन थेट न येणारा उजेड चांगला. आणि ओलं केल्यावर ठरावीक मिनिटांनीच बघा, कारण ओल्या पिठाचा रंग वेळेनुसार गडद होत जातो (कारण प्रश्न १२ मध्ये). यात आकडा मिळत नाही, पण 'कालच्यापेक्षा गडद आहे की नाही' हे नक्की कळतं. लहान गिरणीला एवढं पुष्कळ आहे.

५. मोबाइलच्या कॅमेऱ्याने किंवा ॲपने रंग मोजला तर?

रोजच्या निर्णयासाठी नको. फोटो चांगला दिसावा म्हणून फोन स्वतःच रंग आणि उजेड दुरुस्त करतो. ही दुरुस्ती प्रत्येक फोटोत वेगळी असते. जुनं आणि नवं पीठ एकाच फोटोत शेजारी ठेवून नोंद म्हणून जपायला मात्र फोन उपयोगी आहे. पेकरच्या पट्टीचा असा फोटो तारखेसह ठेवा.

६. एकाच पोत्यातून तीनदा नमुना घेतला आणि तीन वेगळे आकडे आले. यंत्र बिघडलं का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, नमुना सारखा नसतो.

पोतं गाडीत हादरत येतं तेव्हा बारीक आणि जाड कण वेगळे होतात. वरच्या मुठीत आणि तळाच्या मुठीत तेच पीठ नसतं. म्हणून वरून, मधून आणि खालून पीठ घ्या, एकत्र करा आणि नीट मिसळून मगच मोजायला घ्या. चक्कीतून आत्ताच निघालेलं गरम पीठ लगेच मोजू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

भांड्यात पिठाचा थर निदान १ सेंटीमीटर हवा. पातळ थरातून प्रकाश आरपार जातो आणि खालच्या भांड्याचा रंग रीडिंगमध्ये मिसळतो. पृष्ठभाग सपाट करण्यासाठी एकच पद्धत ठरवा. कुणी चमच्याने थोपटतं, कुणी अंगठ्याने दाबतं, कुणी नुसतं ओततं, आणि तिघांचे एल वेगळे येतात. भेगा आणि खळगे राहिले की तिथे सावली पडते आणि एल कमी दिसतो. ठरावीक वजनाचं पीठ, ठरावीक भांडं आणि वरून ठेवायला एकच ठरावीक वजन, एवढं केलं की पाळी बदलली तरी आकडा फारसा हलत नाही.

काचेच्या बशीतून खालच्या बाजूने मोजत असाल तर बशी तीच ठेवा. नवी बशी आणली की जुन्या बशीशी ताडून बघा. काचेवर बोटांचे ठसे नकोत.

एका नमुन्याची निदान तीन रीडिंगं घ्या, प्रत्येक वेळी भांडं थोडं फिरवा आणि सरासरी लिहा. ठिपके असलेल्या पिठाला पाच घ्या. पीठ न हलवता घेतलेल्या तीन रीडिंगांतच मोठा फरक दिसला, तरच यंत्राचा संशय घ्या. ते ताडून बघायची रीत पुढच्या प्रश्नात आहे.

७. यंत्रासोबतच्या पांढऱ्या टाइलवर यंत्र किती वेळा जुळवायचं?

रोज सुरुवातीला, पाळी बदलताना आणि यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं तर. यंत्र सुरू करून आधी गरम होऊ द्या, मगच जुळवा. टाइल मऊ, स्वच्छ कापडाने पुसा. तिच्यावर पिठाची धूळ राहिली तर यंत्र त्या मळक्या टाइललाच पूर्ण पांढरं समजतं आणि दिवसभराचे आकडे खोटे उजळ येतात.

काही जण टाइलऐवजी एका डब्यात 'आदर्श पीठ' ठेवून वर्षभर त्याच्याशी तुलना करतात. तसं करू नका, पिठाचा स्वतःचाच रंग उडत जातो (प्रश्न १३).

८. पीठ कोरडं मोजावं की पाण्यात कालवून?

दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. कोरडं रीडिंग जलद मिळतं, पण त्यात दळणाचा बारीकपणाही मोजला जातो. दळण बारीक केलं की प्रकाश जास्त विखुरतो आणि एल वाढतो. कोंडा तेवढाच असतो, तरी पीठ उजळ दिसतं. चाळणी बदलल्या दिवशी एल अचानक वाढला तर खूश होण्याआधी हे आठवा.

ठरावीक पाण्यात पीठ कालवून लापशीसारखं केलं की कणांच्या आकाराचा परिणाम जवळजवळ जातो आणि कोंड्याचा खरा रंग समोर येतो. मैद्याच्या गिरण्यांमध्ये वापरलं जाणारं केंट-जोन्स यंत्र याच तत्त्वावर चालतं. ते कालवलेल्या पिठावर हिरव्या प्रकाशात मोजतं. त्या प्रकाशात पिठाच्या नैसर्गिक पिवळेपणाचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे फक्त कोंड्यामुळे आलेला गडदपणा कळतो. त्या यंत्रावर आकडा जितका कमी तितका मैदा उजळ, म्हणजे एलच्या अगदी उलट. जुन्या फाइली वाचताना इथे गफलत होते.

माझा सल्ला असा: रोज कोरडं मोजा, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की तोच नमुना कालवून मोजा. कालवल्यावर फरक उरला नाही तर दळण तपासा. उरला तर कोंडा आणि गहू तपासा.

९. रंगावरून राख कळते का? राखेची चाचणी बंद केली तर चालेल?

बंद करू नका. कोंड्यात खनिजं जास्त, म्हणून कोंडा वाढला की राख वाढते आणि रंगही गडद होतो. त्यामुळे एकाच गव्हापासून, एकाच गिरणीत काढलेल्या मैद्यात दोन्ही सोबत चालतात. पण गहू बदलला की हे नातं बिघडतं, कारण काही गव्हांच्या आतल्या पांढऱ्या भागातच खनिजं जास्त असतात. बारीक माती मिसळली तर राख वाढेल आणि रंगात ती कदाचित दिसणारही नाही.

एफएसएसएआयच्या मानकात कोरड्या वजनावर एकूण राखेची मर्यादा गव्हाच्या पिठाला २ टक्के आणि मैद्याला १ टक्का आहे. आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे मुख्यतः वाळू-माती, गव्हाच्या पिठात ०.१५ टक्के आणि मैद्यात ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही. रंगाचं रीडिंग दाखवून या अटी पूर्ण होत नाहीत. रोज रंग बघा, आणि राख ठरलेल्या वेळापत्रकाने करा.

१०. गहू तोच, यंत्र तेच. मग मार्च-एप्रिलमध्ये मैदा काळपट का येतो?

आधी गव्हातला ओलावा बघा. नाशिकची उन्हाळी हवा कोरडी असते. गोदामातला गहू सुकतो आणि त्याचं साल ठिसूळ होतं. असा गहू कमी पाणी देऊन किंवा घाईने रोलरवर घेतला तर सालाचे मोठे पापुद्रे निघत नाहीत, ते भुगा होऊन चाळणीतून मैद्यात उतरतात. एल घटतो, ए वाढतो, ठिपके दिसू लागतात. उपाय सोपा आहे: दळायला जाणारा गहू साधारण १५ ते १६ टक्के ओलाव्यापर्यंत आणा आणि पाणी आत मुरायला पुरेसे तास द्या. जानेवारीत जेवढं पाणी देत होता तेवढंच एप्रिलमध्ये देऊन भागत नाही.

दुसरं कारण नव्या गव्हाचं. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला असेल तर दाणा फिका, करडा पडतो, काही दाण्यांचं टोक काळं होतं, काहींना आतून मोड फुटलेला असतो. त्यातून आलेला करडेपणा गिरणीत कितीही फेरफार केले तरी जात नाही. तो खरेदीच्या वेळीच थांबवावा लागतो. आणि मोड आलेल्या गव्हाचं पीठ रंगात चाललं तरी पोळी-पावाला चिकट होतं, म्हणून ते वेगळं तपासा.

११. कोणत्या गव्हाचं पीठ पिवळसर येतं? निफाडच्या जातींचं काय?

पिवळेपणा मुख्यतः ल्युटीन या रंगद्रव्याचा असतो. बन्सी (ड्युरम) गव्हात तो सर्वांत जास्त, म्हणून त्याचा रवा आणि शेवया पिवळ्या दिसतात. शेवयांना हा पिवळेपणा हवाच असतो. तिथे बी जास्त येणं हा गुण समजा.

निफाडच्या गहू संशोधन केंद्रातून आलेल्या जातींत दोन्ही प्रकार आहेत. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे सरबती म्हणजे पोळीचे गहू, तर गोदावरी हा बन्सी गहू. व्यापाऱ्याकडून येणाऱ्या मालात हे मिसळलेले असू शकतात. एल स्थिर असताना बी अचानक वर गेला तर गव्हाचा नमुना ताटात पसरून दाणे बघा. बन्सीचा दाणा लांबट, टणक आणि काचेसारखा असतो.

१२. पीठ छान उजळ आहे, पण मळून ठेवलेली कणीक काळी पडते. आकड्यात हे का दिसत नाही?

कारण तुम्ही कोरडं पीठ मोजता आणि ही गोष्ट पाणी लागल्यावर सुरू होते. कोंड्यालगत पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पाणी आणि हवा मिळाली की ते पिठातल्या फिनॉल द्रव्यांपासून तपकिरी-करडा रंग तयार करतं. कापलेलं वांगं काळं पडतं त्यामागेही हेच आहे. गव्हाच्या जातीनुसार हे विकर कमी-जास्त असतं, बन्सीत बरंच कमी.

तयार पोळ्या, पराठे किंवा गोठवलेली कणीक विकणाऱ्यांनी ही चाचणी करावीच: ठरावीक पाण्यात कणीक मळा, सारख्या जाडीची लाटा, हवाबंद झाकून एल मोजा. २५ अंशांना ठेवून २४ तासांनी पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक हा खरा आकडा, आणि तो पिठाच्या प्रत्येक नव्या लॉटला काढा. थंडीत विकर मंदावतं, म्हणून फ्रीजमधली कणीक उशिरा काळी पडते.

एक अपवाद: कणकेत सोडा किंवा पापडखार असेल तर ती पिवळी होते. पिठातली फ्लेवोन द्रव्यं क्षारात पिवळी पडतात म्हणून. पिठात कुणी रंग घातला असा तर्क लगेच काढू नका.

१३. पीठ जुनं झालं की पांढरं होतं, हे खरं का? म्हणजे जुनं पीठ चांगलं?

पांढरं होतं हे खरं. हवेतल्या ऑक्सिजनने पिवळं रंगद्रव्य हळूहळू मोडतं आणि बी घसरत जातो. पण सालासकट दळलेल्या पिठात त्याच काळात तेल खवट होऊ लागतं, आणि ते रंगात दिसत नाही. त्यासाठी वास घ्या आणि अल्कोहोलिक ॲसिडिटी (पिठातलं आम्ल मोजणारी चाचणी) करा. गव्हाच्या पिठाला तिची मर्यादा ०.१८ टक्के आहे.

रसायनाने विरंजन केलेल्या मैद्यातही फक्त पिवळेपणा जातो, कोंड्याचे ठिपके तसेच राहतात. बी खूपच कमी आणि ठिपके मात्र भरपूर, असा मैदा आला तर पुरवठादाराला प्रश्न विचारा.

१४. नाचणी, बाजरी, ज्वारी, भगर यांना हीच पद्धत लागू पडते का?

यंत्र आणि नमुन्याची शिस्त तीच (प्रश्न ६), आकड्यांचा अर्थ मात्र प्रत्येक धान्याचा वेगळा.

नाचणीचा गडद रंग तिच्या सालातल्या फिनॉल द्रव्यांचा आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातले गट मला विचारतात की शहरातलं गिऱ्हाईक उजळ पीठ मागतं, तर साल काढून द्यावं का. माझं मत स्पष्ट आहे: नाचणीचं बरंच मोल त्या सालातच आहे, तेव्हा पीठ गडदच विका आणि पाकिटावर तसं लिहा. मोड आणून, भाजून दळलेल्या नाचणीची मर्यादा साध्या पिठापेक्षा वेगळी ठेवा.

बाजरीची गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा करडा रंग आंबटपणावर अवलंबून असतो. ताकासारख्या आंबट पाण्यात भिजली की ती फिकट होते, क्षारात पिवळट-हिरवी. म्हणून बाजरी कालवून मोजायची असेल तर पाणी रोज तेच वापरा. बोअरचं आणि नळाचं पाणी आलटून-पालटून नको.

ज्वारी कणसात असताना पाऊस लागला तर बुरशीने दाणा काळवंडतो. तिथे एल घटणं ही खरी धोक्याची सूचना समजा. भगरीत उजळपणा मुख्यतः पॉलिशवर ठरतो.

१५. बेसनातली भेसळ रंगमापकाने पकडता येते का?

सिद्ध करता येत नाही, संशय घेता येतो. नेहमीच्या पुरवठादाराच्या बेसनाचा बी एकदम वर गेला तर नमुना बाजूला ठेवा. मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग हायड्रोक्लोरिक आम्लात गुलाबी-जांभळा होतो. ही चाचणी लॅबमध्येच, हातमोजे घालून करावी. वाटाण्याचं पीठ मिसळलं असेल तर रंगावरून कळणं कठीण. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवा.

१६. आमची स्वतःची मर्यादा कशी ठरवायची?

गिऱ्हाइकाने विनातक्रार घेतलेल्या लॉटचे आकडे जमवा, आणि परत आलेल्या लॉटचेही. एक हंगाम पुरत नाही, नवा गहू, पावसाळा आणि हिवाळा तिन्ही त्यात यायला हवेत. मग मधला आकडा आणि दोन्ही बाजूंची सूट ठरवा. सूट दोन पायऱ्यांत ठेवा: पहिली ओलांडली की पुन्हा मोजा आणि चाळण्या बघा, दुसरी ओलांडली की माल थांबवा.

एकूण फरकासाठी डेल्टा ई वापरतात: तिन्ही फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा. मंजूर नमुना ९१.०, −०.४, ९.० आणि आजचा ९०.२, −०.३, ९.६ असेल, तर फरक ०.८, ०.१, ०.६ आणि डेल्टा ई साधारण १.०. एवढा फरक शेजारी ठेवून बघणाऱ्या सरावाच्या डोळ्याला जेमतेम कळतो. पण एकट्या डेल्टा ईवर थांबू नका. १.० हा फरक कोंड्याने आला की गव्हाच्या जातीने, ते त्यात लपतं. तिन्ही आकडे वेगळे लिहा.

१७. खरेदीदाराच्या लॅबचे आकडे आमच्याशी जुळत नाहीत. खरं कोणाचं?

बहुधा दोघांचंही. भांडण्याआधी विचारून घ्या: मोजपट्टी १९७६ ची की जुनी हंटरची (दोन्हींत एल, ए, बी असतात, पण आकडे वेगळे), प्रकाश डी ६५ (दिवसाच्या उजेडासारखा) की दुसरा, निरीक्षक (यंत्राने गृहीत धरलेली डोळ्याची नजर) २ अंशांचा की १० चा, यंत्राची भूमिती (प्रकाश कसा पडतो आणि कुठून मोजला जातो) ४५/० की गोलाची, आणि नमुना कोरडा की कालवलेला. हे सगळं सारखं असेल तर एकच नीट मिसळलेलं पीठ दोन हवाबंद पाकिटांत भरा, दोघांनी एकाच दिवशी मोजा आणि येणारा फरक करारात लिहून ठेवा.

१८. सगळे आकडे मर्यादेत आहेत, तरी बेकरीवाला म्हणतो मैद्यात काळे ठिपके आहेत.

तो बरोबर असू शकतो. यंत्र आपल्या खिडकीखालच्या सगळ्या पिठाची सरासरी सांगतं. दहा-वीस काळे ठिपके एलमध्ये नावापुरता फरक करतात, पण पांढऱ्या पावावर प्रत्येक ठिपका दिसतो. पीठ काचेखाली सपाट दाबा, ठरावीक चौकोनातले ठिपके मोजा आणि तो आकडा एल, ए, बीच्या शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा. ठिपके तपकिरी असतील तर कोंडा किंवा फाटलेली चाळणी. काळे असतील तर टोक काळवंडलेला गहू किंवा नीट न निवडलेलं तणाचं बी. चकाकणारे असतील तर त्या लॉटवर लोहचुंबक फिरवा आणि रोलर तपासून होईपर्यंत माल बाहेर सोडू नका.